क्वार्ट्झवर सर्फॅक्टंट किती बसला? अधिशोषणाच्या मॉडेलची नीट क्रमवारी

मनसर, कांद्री, चिखला या पट्ट्यातल्या मँगनीज खनिजाच्या बारीक चुऱ्यातून सिलिका वेगळी करायची म्हटलं की नागपूरकर विद्यार्थी फ्लोटेशनकडे (हवेच्या बुडबुड्यांवर ठरावीक खनिज तरंगवून वेगळं करण्याच्या पद्धतीकडे) वळतो. तिथून पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कलेक्टर, म्हणजे सर्फॅक्टंट (पाण्यात रमणारं डोकं आणि तेलकट शेपटी असलेला रेणू), खनिजाच्या पृष्ठभागावर किती बसतो (या बसण्यालाच अधिशोषण म्हणतात) आणि त्याचं मॉडेल कसं करायचं? उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलंच. सहा नळ्या, सहा बिंदू, लँगम्युअर समीकरणाची सरळ रेष, आर-वर्ग (रेष बिंदूंशी किती जुळते याचं माप) ०.९९ आणि निष्कर्ष ‘एकपदरी अधिशोषण’. यातलं प्रत्येक पाऊल चुकीचं असू शकतं आणि तरीही आलेख देखणा दिसतो. खरी अडचण तीच आहे.

चूक समीकरणात क्वचित असते. ती त्याआधी झालेली असते : पृष्ठफळात, कोऱ्या चाचणीत, तापमानात, वजाबाकीत. म्हणून या लेखात समीकरण सातव्या टप्प्यावर येतं. तिथे उडी मारून जाऊ नका.

उदाहरणाला सोपी जोडी घेतली आहे : बारीक क्वार्ट्झ आणि सेटिलपिरिडिनियम क्लोराइड, म्हणजे सीपीसी, हा धनभारी सर्फॅक्टंट. या रेणूतलं पिरिडिनियम वलय २५९ नॅनोमीटरला अतिनील प्रकाश शोषतं, त्यामुळे साध्या यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर त्याची संहती वाचता येते. एसडीएससाठी, म्हणजे सोडियम डोडेसिल सल्फेट या ऋणभारी सर्फॅक्टंटसाठी, मेथिलीन ब्लू आणि क्लोरोफॉर्म, नाहीतर टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन मोजणारं) यंत्र लागतं. ज्याला पहिल्यांदाच हे काम करायचं आहे त्याने मोजायला सोपा रेणू निवडावा.

## टप्पा १ : मॉडेल कशासाठी हवंय ते एका ओळीत लिहा

तीन वेगळी कामं एकाच नावाने चालतात. पहिलं, मोजलेल्या वक्राला समीकरण बसवून मधल्या संहतीला अंदाज सांगणं. दुसरं, रेणू पृष्ठभागावर कसा बसतो याचा उलगडा करणं : भारामुळे, शेपट्या एकमेकींना चिकटल्यामुळे, की रासायनिक बंधामुळे. तिसरं, संगणकावर अणूंच्या पातळीवर सिम्युलेशन. पहिल्याला सहा-आठ चांगले बिंदू पुरतात. दुसऱ्याला झीटा पोटेन्शियल (द्रावणातल्या कणाच्या पृष्ठभागाजवळचं विद्युत विभव), पीएच बदलून घेतलेल्या मालिका आणि निदान पंधरा बिंदू हवेत. तिसऱ्याला पहिल्या दोघांचा आधार हवा. पहिल्याची सामग्री घेऊन दुसऱ्याचा निष्कर्ष काढणं ही सर्वात जास्त दिसणारी चूक.

## टप्पा २ : खनिज तयार करा आणि पृष्ठफळ मोजा

खाणीतून आणलेला दगड म्हणजे खनिज नव्हे. सौसर गटातल्या, म्हणजे या मँगनीज पट्ट्यातल्या, खडकांत ब्रॉनाइट, पायरोल्युसाइट यांच्याबरोबर क्वार्ट्झ आणि स्पेसार्टिन गार्नेट असतातच. अशा मिश्रणावर मोजलेला आकडा नेमका कोणाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. सुरुवात शुद्ध क्वार्ट्झवर करा. धातुकाकडे, म्हणजे खाणीतल्या मिश्र दगडाकडे, शेवटी या.

१. लोखंडी गोळ्यांच्या मिलमध्ये दळलं असेल तर क्वार्ट्झवर लोह चढलेलं असतं आणि पृष्ठभागाचा भार बदलतो. सिरॅमिक किंवा अगेटमध्ये दळा. ते शक्य नसेल तर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा आणि मग डिस्टिल्ड पाण्याने, धुवणाची कंडक्टिव्हिटी पाण्याइतकी उतरेपर्यंत धूत राहा. (हे आम्ल फक्त क्वार्ट्झसाठी. कार्बोनेट खनिजावर ओताल तर नमुनाच फसफसून जाईल.)

२. अतिबारीक गाळ निथळून काढा. मोजताना तो वर तरंगत राहतो आणि यूव्हीत प्रकाश विखुरतो.

३. एक्सआरडी (क्ष-किरणांनी खनिजं ओळखणारी चाचणी) करून घ्या, पण त्यावर विसंबू नका. एखाद-दोन टक्के अशुद्धी त्यात लपून जाते आणि ती जर चिकणमाती असेल तर तिचं पृष्ठफळ क्वार्ट्झच्या कितीतरी पट असतं.

४. विशिष्ट पृष्ठफळ, म्हणजे एका ग्रॅमचा एकूण पृष्ठभाग, बीईटी पद्धतीने (पृष्ठभागावर किती वायू बसतो त्यावरून) मोजा. ग्रॅमला एक चौरस मीटरच्या खाली गेलात तर नायट्रोजनऐवजी क्रिप्टॉन वापरणारी प्रयोगशाळा शोधा.

आकडा आला की हाताने पडताळा. गुळगुळीत गोल कण धरला तर १०० मायक्रॉन व्यासाच्या क्वार्ट्झचं पृष्ठफळ ग्रॅमला सुमारे ०.०२३ चौरस मीटर येतं, १० मायक्रॉनचं ०.२३ आणि २ मायक्रॉनचं १.१ च्या आसपास. खरा कण खडबडीत असतो म्हणून बीईटीचा आकडा याहून मोठा येणं स्वाभाविक आहे. दोन-चार पट ठीक. पन्नास पट आला तर नमुन्यात चिकणमाती आहे, नाहीतर नमुना नीट वाळलेला नव्हता.

तपासणी : क्वार्ट्झचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचला झीटा पोटेन्शियल शून्य असतं तो, पीएच २ च्या आसपास असतो. तुमच्या नमुन्याचं झीटा पोटेन्शियल पीएच ६ ला ठळक ऋण यायला हवं. शून्याजवळ आलं तर लोह किंवा ॲल्युमिनियमचं आवरण अजून गेलेलं नाही.

## टप्पा ३ : द्रावण, पाणी आणि नागपूरचं हवामान

नळाचं पाणी वापरू नका, विहिरीचं तर मुळीच नको. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम इथे दोन बाजूंनी गोंधळ घालतात. ऋणभारी सर्फॅक्टंट असेल तर ते त्याचा साका पाडतात. धनभारी असेल तर क्वार्ट्झवरच्या जागांसाठी त्याच्याशी स्पर्धा करतात. ओलेइक आम्लाच्या साबणाबाबत हे इतकं तीव्र आहे की ‘अधिशोषण’ म्हणून नोंदलेला बराचसा भाग प्रत्यक्षात कॅल्शियम ओलिएटचा गाळ निघू शकतो.

मीठ मात्र मुद्दाम घाला. १० मिलिमोलर सोडियम क्लोराइड सगळ्या नळ्यांत सारखं ठेवलं की सर्फॅक्टंट वाढवताना आयनिक तीव्रता (द्रावणातल्या आयनांचं एकूण प्रमाण) फारशी हलत नाही. मीठ घातलं की सीएमसी, म्हणजे ज्या संहतीनंतर रेणू मायसेल (शेपट्या आत, डोकी बाहेर असे गोळे) बांधू लागतात ती, खाली येते हे लक्षात ठेवा. एसडीएसची सीएमसी शुद्ध पाण्यात २५ अंशांना ८.२ मिलिमोलर, तर ०.१ मोलर सोडियम क्लोराइडमध्ये १.५ च्या आसपास. पुस्तकातली सीएमसी तुमच्या नळीत लागू होत नाही. तुमच्याच पाण्यात, तुमच्याच मिठात, तुमच्याच तापमानाला ती मोजा. मीठ असताना कंडक्टिव्हिटीच्या रेषेतला मोड पुसट होतो, म्हणून पृष्ठताणाची पद्धत बरी. पृष्ठताणाच्या वक्रात सीएमसीपाशी खळगा दिसला तर सर्फॅक्टंट अशुद्ध आहे. एसडीएस जुना झाला की त्यात डोडेकॅनॉल तयार होतं आणि हाच खळगा दिसतो.

आता तापमान. सीटीएबी (सेटिलट्रायमिथिलअमोनियम ब्रोमाइड, हाही धनभारी सर्फॅक्टंट) साधारण २५ अंशांच्या खाली पाण्यात नीट विरघळत नाही, एसडीएस साधारण १६ च्या खाली. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा रात्री १० अंशांच्या आसपास उतरतो. संध्याकाळी स्वच्छ असलेला सीटीएबीचा साठा सकाळी तळाशी स्फटिक घेऊन बसतो, आणि वरचं द्रावण पिपेटने घेतलं की पुढचा सगळा हिशेब चुकतो. मे महिन्यात नेमकं उलटं. बऱ्याच प्रयोगशाळांतले वॉटर बाथ नुसते तापवतात, थंड करत नाहीत. खोली ३८ अंशांवर असताना यंत्रावर २५ लावलं तर यंत्र गप्प बसतं आणि तुमची नळी ३८ वर हलत राहते. वहीत मात्र २५ लिहिलं जातं.

माझं मत असं : थंड करणारा बाथ नसेल तर २५ चा हट्ट सोडा आणि सगळी मालिका ४० अंशांवर करा. तापमान खरं असलं पाहिजे. ते पुस्तकातलं असण्याची गरज नाही.

इशारा : अमाइन वापरणार असाल तर पीएचची आकडेमोड आधी करा. डोडेसिलअमाइनचा पीकेए (ज्या पीएचला अर्धे रेणू भाररहित होतात तो) सुमारे १०.६ आहे आणि त्याच्या भाररहित रूपाची विद्राव्यता फक्त २० मायक्रोमोलरच्या घरात. त्यावरून १०० मायक्रोमोलर द्रावण पीएच १० च्या आसपास गढुळायला लागतं, १ मिलिमोलर पीएच ९ च्या थोडं खालीच, आणि १० मिलिमोलर तर पीएच ८ पाशीच. संहती वाढली की सुरक्षित पीएच खाली सरकतो. एकाच पीएचला सगळी मालिका करताना वरच्या टोकाचे बिंदू गुपचूप साक्याच्या हद्दीत जातात, आणि आलेखात अधिशोषण ‘अचानक वाढलेलं’ दिसतं.

## टप्पा ४ : नळी भरण्याआधी कागदावर वजाबाकी

अधिशोषण थेट मोजत नाहीत : सुरुवातीच्या संहतीतून उरलेली वजा करून ते काढतात. या वजाबाकीचा अंदाज आधी घेण्याचा हा टप्पा जवळजवळ सगळे वगळतात. पाच मिनिटांचं काम आहे आणि अर्धे प्रयोग वाचवतं.

एका रेणूला पृष्ठभागावर अर्धा चौरस नॅनोमीटर जागा लागते असं धरा. मग एक पूर्ण पदर म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३.३ मायक्रोमोल. हा नुसता अंदाज, निष्कर्ष नव्हे. आता तीन नळ्या कल्पा, प्रत्येकीत ५० मिलिलिटर आणि सुरुवातीची संहती १ मिलिमोलर.

पहिल्या नळीत ग्रॅमला १.२ चौरस मीटरचं क्वार्ट्झ, १ ग्रॅम. पृष्ठभागावर सुमारे ४ मायक्रोमोल बसतील, म्हणजे संहती ०.०८ मिलिमोलरने उतरेल. दोन्ही वाचनांत २ टक्के त्रुटी धरली तर या फरकातली त्रुटी सुमारे ०.०२७ मिलिमोलर. म्हणजे अधिशोषणाच्या आकड्यात ३४ टक्के अनिश्चितता.

दुसऱ्या नळीत तेच क्वार्ट्झ, पण १० ग्रॅम. उतार ०.८ मिलिमोलर, अनिश्चितता अडीच टक्के.

तिसऱ्या नळीत फ्लोटेशनच्या मापाचं, १०० मायक्रॉनचं क्वार्ट्झ, १० ग्रॅम. उतार ०.०१५ मिलिमोलर, म्हणजे दीड टक्का. तो वाचनाच्या त्रुटीतच बुडाला. हे म्हणजे कळमन्याच्या धर्मकाट्यावर भरलेला ट्रक चढवून, त्यातलं एक संत्रं काढून, पुन्हा ट्रक चढवून संत्र्याचं वजन काढण्यासारखं आहे.

तपासणी : प्रत्येक नळीत सुरुवातीच्या संहतीत निदान २० टक्के उतार अपेक्षित असावा. नसेल तर खनिज वाढवा, पाणी कमी करा किंवा बारीक नमुना घ्या. यातलं काहीच जमत नसेल तर त्या संहतीला वजाबाकीची पद्धत वापरूच नका.

## टप्पा ५ : प्रयोग, आणि त्याआधी तीन कोऱ्या चाचण्या

पहिली कोरी चाचणी, खनिजाशिवाय सर्फॅक्टंट. धनभारी सर्फॅक्टंट काचेवर बसतो. काचही सिलिकाच, तुमचं क्वार्ट्झही सिलिका. पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्या घ्या, आणि तरीही नळीत किती हरवतो ते मोजा. दुसरी, सर्फॅक्टंटशिवाय खनिज, म्हणजे पाण्यात उतरलेले घटक आणि राहिलेला गढूळपणा २५९ नॅनोमीटरला किती दाखवतात ते कळेल. तिसरी, माहीत असलेली संहती तुमच्या गाळण्याच्या किंवा सेंट्रिफ्यूजच्या वाटेने पाठवून परत किती मिळते ती. सिरिंज फिल्टरचा पडदा विरल द्रावणातला बराच सर्फॅक्टंट गिळतो. शक्य तिथे सेंट्रिफ्यूजच वापरा.

मग प्रत्यक्ष क्रम असा.

१. क्वार्ट्झ मीठपाण्यात रात्रभर भिजवा आणि पीएच जुळवा. सर्फॅक्टंट नंतर घाला. उलट केलं तर पीएच सरकताना अधिशोषणही सरकतं.

२. एकाच संहतीवर वेळ बदलून बघा : १५ मिनिटं, १ तास, ४ तास, २४ तास. शेवटचे दोन आकडे त्रुटीच्या आत जुळले तर समतोल आला. दोन तासांत समतोल येतो असं एखाद्या शोधनिबंधात लिहिलं असेल तर तो त्यांच्या खनिजाचा समतोल.

३. संहत्या गुणोत्तराने वाढवा. ०.०१, ०.०२, ०.०५, ०.१ मिलिमोलर अशा. ०.२, ०.४, ०.६ अशा समान पायऱ्यांनी गेलात तर वक्राचा खालचा अर्धा भाग, जिथे सगळी माहिती आहे, रिकामा राहतो.

४. वरचं द्रावण काढल्यावर पीएच पुन्हा मोजा आणि तोच नोंदवा. सुरुवातीचा पीएच फक्त हेतू सांगतो.

५. वाचनासाठी द्रावण सीएमसीच्या बरंच खाली येईल इतकं विरल करा. सीएमसीच्या वर अंशांकनाची रेषा थोडी वाकू शकते.

तपासणी, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची : तीन-चार बिंदू खनिजाचं प्रमाण दुप्पट करून पुन्हा घ्या. उरलेल्या संहतीविरुद्ध अधिशोषण मांडलं की दोन्ही मालिका एकाच वक्रावर पडायला हव्यात. पडल्या नाहीत तर साका पडतोय, नळी सर्फॅक्टंट खातेय, किंवा खनिजातून काहीतरी विरघळून मधे येतंय. हे सुटल्याशिवाय कुठलंही समीकरण लावण्यात अर्थ नाही.

## टप्पा ६ : वक्राकडे नुसतं बघा

दोन्ही अक्ष लॉग करून आलेख काढा आणि सीएमसीपाशी उभी रेघ मारा. विरुद्ध भाराच्या पृष्ठभागावर आयनिक सर्फॅक्टंट असेल तर बऱ्याचदा चार भाग दिसतात. तळाशी चढ साधारण १ असतो : रेणू सुटे सुटे, भाराच्या ओढीने बसतात. मग वक्र एकदम उभा चढतो : शेपट्या एकमेकींना धरून पृष्ठभागावरच पुंजके बांधतात. त्यानंतर चढ मंदावतो, कारण पृष्ठभागाचा भार उलटला आहे आणि आता तो नव्या रेणूंना ढकलतो. शेवटी सपाटी.

या सपाटीवरच सर्वाधिक गैरसमज आहेत. ‘सपाटी आली, म्हणजे पृष्ठभाग भरला, म्हणजे एक पदर’ हा तर्क वायूच्या अधिशोषणातून उचललेला आहे. इथे सपाटी येते ती बहुतेक वेळा सीएमसीपाशी. सीएमसीच्या पुढे घातलेला सर्फॅक्टंट मायसेलमध्ये जातो, सुट्या रेणूंची संहती जवळजवळ थांबते, म्हणून अधिशोषणही थांबतं. पृष्ठभागावर जागा शिल्लक असू शकते, किंवा तिथे दोन पदरही असू शकतात. सपाटीच्या उंचीवरून रेणूचं क्षेत्रफळ काढून ‘रेणू आडवा पडला आहे’ असं लिहिण्याआधी सपाटीचं कारण कोणतं ते ठरवा. मीठ घालून सीएमसी खाली आणली आणि सपाटीची सुरुवातही तिच्याबरोबर डावीकडे सरकली, तर कारण मायसेल.

सीएमसीनंतर वक्र शिखर गाठून खाली उतरत असेल तर आधी अशुद्धीचा संशय घ्या.

## टप्पा ७ : आता समीकरण

लँगम्युअर तेव्हाच, जेव्हा साध्या अक्षांवर वक्र सुरुवातीपासून खाली वाकत जातो, कुठेही एस आकार नाही आणि सगळे बिंदू सीएमसीच्या आत आहेत.

फ्रॉइन्डलिश ही लॉग-लॉग अक्षांवरची नुसती सरळ रेष. मर्यादित पट्ट्यात अंदाजाला चालते. तिच्या घातांकावरून यंत्रणा सांगू नये.

फ्रुमकिन बसलेल्या रेणूंमधलं आकर्षण एका स्थिरांकात धरतं. एस आकार सौम्य असेल तर उपयोगी. प्रचलित रूपात, जिथे घातांकात स्थिरांक दुप्पट करून लिहितात, तो स्थिरांक २ च्या वर गेला की वक्र स्वतःवर दुमडतो : एकाच संहतीला तीन उत्तरं. सॉल्व्हर (स्थिरांक शोधणारा प्रोग्राम) त्यातलं कुठलंही उचलतो आणि फिट उड्या मारतं. असं झालं तर आकडे बरे येईपर्यंत सुरुवातीचे अंदाज बदलत बसू नका, मॉडेल बदला.

द्विटप्पी समीकरण हे झू आणि गू यांचं. आयनिक सर्फॅक्टंटच्या एस वक्रासाठी माझी पहिली निवड हीच. आधी रेणू सुटे बसतात, मग प्रत्येक बसलेल्या रेणूभोवती पुंजका होतो, हे ते थेट मांडतं :

श = श-कमाल × क१ × स × (१ ÷ न + क२ × स^(न−१)) ÷ [१ + क१ × स × (१ + क२ × स^(न−१))]

यात श म्हणजे चौरस मीटरला अधिशोषण, श-कमाल त्याची वरची मर्यादा, स म्हणजे सुट्या रेणूंची संहती, न म्हणजे पुंजक्यातले सरासरी रेणू, आणि क१, क२ हे दोन टप्प्यांचे स्थिरांक. सीएमसीच्या वरच्या बिंदूंसाठी स च्या जागी सीएमसीचाच आकडा घाला. एकूण संहती घातलीत तर समीकरण सपाटी समजावून देण्यासाठी बाकीचे स्थिरांक वाकवतं.

दोन टोकं हाताने तपासा. न = १ आणि क२ शून्य केलं की लँगम्युअर उरतं. क२ शून्य, पण न मोठा ठेवला की लँगम्युअरच येतं, फक्त सपाटी श-कमाल ÷ न एवढी खाली. तुमच्या एक्सेलच्या रकान्यात ही दोन्ही उत्तरं येत नसतील तर कंस चुकला आहे.

## टप्पा ८ : फिट करणं

सरळ रेष बंद. उरलेली संहती ÷ अधिशोषण हे उरलेल्या संहतीविरुद्ध मांडलं की दोन्ही अक्षांवर तोच आकडा येतो, त्यामुळे रेष दिसणारच. खात्री हवी तर एक्सेलमध्ये अधिशोषणाच्या रकान्यात ३ च्या २० टक्के वर-खाली यादृच्छिक आकडे भरा, संहती शंभर पट पसरवा आणि रेष काढा. आर-वर्ग झकास येईल, आणि त्यात रसायनशास्त्र काडीचंही नसेल. वक्ररेषी फिट करा. एक्सेलचा सॉल्व्हर किंवा पायथनमधलं सायपाय, काहीही चालतं.

फिट अधिशोषणावर करू नका. तुम्ही मोजता ती उरलेली संहती. अधिशोषण त्यातून काढलेलं असतं, म्हणून दोन्हींच्या त्रुटी एकमेकींना बांधलेल्या असतात. नीट रीत अशी : प्रत्येक नळीसाठी सुरुवातीची संहती, आकारमान, वस्तुमान आणि पृष्ठफळ माहीत आहे. मॉडेलचे स्थिरांक धरून ‘सुरुवातीची − उरलेली = (वस्तुमान × पृष्ठफळ ÷ आकारमान) × श’ हे समीकरण उरलेल्या संहतीसाठी सोडवा. उरलेली संहती वाढवत नेली की डावी बाजू घटते आणि उजवी कुठेही घटत नाही, म्हणून उत्तर एकच मिळतं. दुभाजनाच्या साध्या पद्धतीने ते सापडतं. मग मोजलेली आणि मॉडेलने काढलेली उरलेली संहती यांच्यातला सापेक्ष फरक कमीत कमी करा. सापेक्ष नसेल तर वरच्या टोकाचे दोन बिंदू सगळं फिट ओढून नेतात.

स्थिरांक लॉगमध्ये फिरवा. समजा ०.३ मिलिमोलरपाशी वक्र उभा चढतो आणि न सुमारे ४ आहे. क२ चा पहिला अंदाज ‘१ ÷ ०.३ चा घन’, म्हणजे मिलिमोलरच्या एककात सुमारे ३७. हाच आकडा मोलरमध्ये लिहिला तर सुमारे ३,७०० कोटी. सॉल्व्हरला अशा आकड्यांत एकेक पाऊल टाकता येत नाही, तो पहिल्याच अंदाजावर थिजून ‘उत्तर सापडलं’ म्हणतो. मिलिमोलर वापरा आणि क२ ऐवजी त्याचा लॉग बदलू द्या.

बाकी पहिले अंदाज : श-कमाल म्हणजे मोजलेलं सर्वात मोठं अधिशोषण. खालचा टप्पा दिसत असेल तर न म्हणजे वरच्या आणि खालच्या उंचीचं गुणोत्तर. क१ सुरुवातीच्या चढावरून, कारण तो चढ श-कमाल × क१ ÷ न असतो. किमान दहा वेगवेगळ्या सुरुवातींपासून फिट चालवा. सगळीकडून एकच उत्तर यायला हवं.

इशारा : न आणि क२ एकमेकांना भरपाई देतात. न ४ आणि न ६, दोन्हींनी फिट जवळपास सारखंच बसू शकतं. न = ५.३७ असं लिहून ‘पुंजक्यात ५.३७ रेणू’ असा अर्थ लावू नका. बिंदू पुन्हा पुन्हा यादृच्छिक निवडून फिट करा आणि न चा पल्ला सांगा.

तपासणी : उरलेल्या फरकांचा आलेख काढा. तो खालून वर, पुन्हा खाली असा लाटेसारखा दिसला तर आर-वर्ग कितीही असो, मॉडेल वक्राचा आकार पकडत नाही.

## टप्पा ९ : ऊर्जा आणि भार

स्थिरांकावरून मुक्त ऊर्जा काढताना एककांचा घोळ ठरलेला. लॉगच्या आत एककरहित आकडाच जाऊ शकतो. २५ अंशांना मिलिमोलर आणि मोलर यांच्यातला फरक ऊर्जेत मोलला १७ किलोज्यूल होतो, आणि ५५.५ ने (एका लिटर पाण्यातल्या मोलच्या संख्येने) गुणलं की नाही यावर १० किलोज्यूल. ‘२० च्या खाली भौतिक, ४० च्या वर रासायनिक’ अशा ठोकताळ्याने निकाल देणाऱ्याचा निकाल या एका गुणाकाराने फिरतो. कुठलं प्रमाण धरलं ते लिहा, तरच दुसऱ्याला तुलना करता येईल.

भाराचा हिशेब हवा असेल तर प्रत्येक संहतीला झीटा पोटेन्शियल मोजा. भार उलटण्याची संहती आणि वक्र मंदावण्याची संहती जवळ पडतात का बघा. स्टर्न-ग्रॅहमच्या रूपात (हे समीकरण ऊर्जेचे भाराचा आणि बाकीचा असे भाग पाडतं) भाराचा भाग झीटावरून काढून वजा केला की उरतो तो शेपटीचा. मायसेलकडे जाताना प्रत्येक मिथिलीन गटामागे जेवढी ऊर्जा मिळते तेवढ्याच घरात, म्हणजे मोलला अडीच किलोज्यूलच्या आसपास किंवा त्याहून कमी, ती यायला हवी. बरीच जास्त आली तर भाराचा भाग दोनदा मोजला गेला आहे का ते बघा. झीटा पोटेन्शियल हे घसरण्याच्या पातळीवरचं, स्टर्न पातळीवरचं, म्हणजे रेणू प्रत्यक्ष बसतात तिथलं, नव्हे. त्यामुळे दशांशाच्या दुसऱ्या स्थळाबद्दल भांडण्यात अर्थ नाही.

## टप्पा १० : सिम्युलेशन, जमलं तर

इथे थोडक्यातच सांगतो, कारण वरचं सगळं नीट झालं असेल तर बऱ्याच प्रकल्पांना याची गरज उरत नाही. पृष्ठभाग कोरडा आणि भाररहित ठेवू नका. पूर्ण जलयुक्त सिलिकावर चौरस नॅनोमीटरला साधारण पाच हायड्रॉक्सिल गट असतात आणि तुमच्या पीएचला त्यातले काही ऋण झालेले असतात. तितके ऋण करा आणि भाराचा ताळा प्रति-आयनांनी जुळवा. खनिजासाठी आणि सर्फॅक्टंटसाठी दोन वेगळी बलक्षेत्रं (अणूंमधल्या बलांची सूत्रं) घेतलीत तर ती एकमेकांशी जुळतात का ते पाण्याच्या थरावर आधी तपासा. सिम्युलेशनमधला खनिजाचा सपाट तुकडा सगळ्या दिशांना पुनरावृत्त होत असेल तर वर मोकळी जागा ठेवा आणि विद्युत दुरुस्ती चालू करा. आणि एक रेणू निर्वातात पृष्ठभागावर टेकवून काढलेली ‘बंधन ऊर्जा’ प्रयोगाच्या मुक्त ऊर्जेशेजारी मांडू नका. पाणी हटवायची किंमत त्यात धरलेलीच नसते.

## टप्पा ११ : धातुकाकडे परत

आता मनसरचा नमुना काढा. शुद्ध क्वार्ट्झचा वक्र, शुद्ध मँगनीज खनिजाचा वक्र, आणि दोघांची पृष्ठफळाच्या प्रमाणात बेरीज. ही बेरीज मिश्रणावर मोजलेल्या आकड्याशी जुळते का? क्वचितच जुळते. वजनाच्या प्रमाणात बेरीज केली असेल तर मुळीच नाही, कारण दळताना मऊ खनिज जास्त बारीक होतं आणि पृष्ठफळाचा मोठा वाटा तेच घेतं.

बेरीज करूनही फरक राहिला तर द्रावणातले मँगनीज आयन मोजा. आम्लधर्मी पीएचला ते सुटतात आणि क्वार्ट्झवर जाऊन बसतात. मग ज्या क्वार्ट्झवर ऋणभारी कलेक्टर बसायला नको होता तिथे तो बसतो, आणि धनभारीला जागा कमी मिळते. पडताळा सोपा आहे : मँगनीज खनिज भिजवून त्याचं वरचं पाणी गाळून घ्या, त्या पाण्यात शुद्ध क्वार्ट्झचे चार बिंदू पुन्हा घ्या. वक्र हलला तर तुमच्या मॉडेलमध्ये आणखी एक आयन हवा. नाही हलला तर पृष्ठफळाची विभागणी पुन्हा तपासा, शक्य असेल तर प्रत्येक कणमापाच्या गटाचं बीईटी आणि रासायनिक विश्लेषण वेगवेगळं करून.